भूगोल शंकुगोगलगाय

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात, मुख्यतः प्रवाळ खडकांच्या आसपास राहणारी व जिवंत मासे पकडून खाणारी एक विषारी गोगलगाय. मृदुकाय संघातील उदरपाद वर्गाच्या कोनिडी कुलात तिचा समावेश होतो. शास्त्रीय नाव कोनस जिऑग्राफस. कार्ल लिनीअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञांनी १७५८ मध्ये ते दिले. जातिवाचक नावाचा अर्थ भूगोलज्ञ असा असून शंखावरील तपकिरी नक्षी एखाद्या जुन्या नकाशासारखी दिसते. शंकुगोगलगायींच्या सुमारे ९०० ते १,००० जाती ज्ञात आहेत. त्या सर्व मांसाहारी व विषारी आहेत; तथापि माणसाच्या दृष्टीने भूगोल शंकुगोगलगाय त्यांत सर्वांत धोक्याची मानली जाते. दुसऱ्या बाजूस, तंत्रिका व स्नायू यांचे कार्य समजून घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक रासायनिक साधनांचा उगम याच प्राण्याच्या विषात आहे. घातकता व उपयुक्तता या दोन्ही गोष्टी त्या विषाच्या एकाच गुणधर्मातून उद्‌भवतात. हे विष म्हणजे एक पदार्थ नसून, शरीरातील ठराविक रेणूवर नेमका परिणाम करणाऱ्या अनेक पदार्थांचा तो संच आहे.

प्राप्तिस्थान व सवयी : तांबडा समुद्र व आफ्रिकेचा पूर्व किनारा यांपासून हिंदी महासागर व पश्चिम पॅसिफिक महासागर ओलांडून पॉलिनीशियापर्यंत ही जाती पसरलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या ग्रेट बॅरिअर रीफवर ती आढळते. भारताच्या हद्दीत लक्षद्वीप आणि अंदमान व निकोबार बेटांच्या प्रवाळ खडकांवर ती सापडते. कोकणच्या किनाऱ्यावर शंकुगोगलगायींच्या इतर काही जाती मिळतात. दिवसा हा प्राणी वाळूत, खडकांच्या कपारीत किंवा प्रवाळाच्या तुकड्यांखाली लपून राहतो व रात्री भक्ष्याच्या शोधार्थ बाहेर पडतो.

शंख व शरीररचना : शंख सामान्यतः १० ते १५ सेंमी. लांब असतो. इतर शंकुगोगलगायींचे शंख जाड व जड असतात, तर या जातीचा शंख आकाराच्या मानाने पातळ व हलका असतो. त्याचे मुख रुंद असून खालच्या टोकाकडे ते अधिकच पसरते. वरच्या टोकाकडील वेढ्यांच्या कडेवर बारीक गाठींची रांग असते. पांढुरक्या, निळसर किंवा गुलाबी छटेच्या पार्श्वभूमीवर तांबूस तपकिरी रंगाचे जाळे व अनियमित पट्टे दिसतात. जिवंत प्राण्याच्या शंखावर पातळ तपकिरी त्वचेचे आवरण असल्यामुळे ही नक्षी पुष्कळदा झाकलेली असते.

शंखाबाहेर आलेल्या शरीराच्या पुढील भागी निनाल (पाणी आत घेणारी नळी), दोन संस्पर्शक व त्यांवरील लहान डोळे दिसतात. डोळ्यांपेक्षा गंधज्ञानावर हा प्राणी अधिक अवलंबून असतो. निनालातून आत येणारे पाणी एका संवेदनाक्षम इंद्रियावरून जाते व त्यातील रासायनिक खुणांवरून जवळपास मासा असल्याचे समजते. तळाचा पाद रुंद व स्नायुमय असतो. त्याच्या साहाय्याने प्राणी सावकाश सरपटतो.

विषयंत्रणा : बहुतेक उदरपाद प्राण्यांच्या मुखात रेत्रिका (कानशीसारखी दंतपट्टी) असते व तिने ते अन्न खरवडून खातात. शंकुगोगलगायींत या अवयवाचे रूप पार पालटले आहे. दातांची सलग पट्टी नाहीशी झाली असून प्रत्येक दात सुटा, लांब व पोकळ झाला आहे. कायटिनाची पातळ पत्री गुंडाळून केलेल्या नळीसारखी त्याची रचना असते व टोकाशी भाल्याच्या फाळासारखे उलटे काटे असतात. हे दात एका पिशवीच्या लांब शाखेत तयार होतात व वापरासाठी तयार झालेले दात तिच्या आखूड शाखेत साठविले जातात.

विष एका लांब, वेटोळ्या नलिकेत तयार होते. ही नलिका उलगडल्यास शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट भरते. तिच्या आतल्या टोकाशी एक स्नायुमय कंद असतो. तो आकुंचन पावला की विष नलिकेतून पुढे ढकलले जाते. दंशाच्या वेळी एक दात शुंडेच्या (सोंडेसारख्या लांबणाऱ्या नळीच्या) टोकाशी आणला जातो, भक्ष्याच्या शरीरात वेगाने खुपसला जातो व त्याच्या पोकळीतून विष आत सोडले जाते. प्रत्येक दात एकदाच वापरला जातो. पुढील दंशासाठी नवा दात लागतो.

शिकार : शंकुगोगलगायींच्या बहुसंख्य जाती समुद्रातील कृमींवर उपजीविका करतात. काही जाती इतर गोगलगायी खातात, तर थोड्या जाती मासे खातात. सावकाश सरपटणारी गोगलगाय चपळ मासा पकडीत असेल ही गोष्ट दीर्घकाळ संशयास्पद वाटत होती. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ ॲलन कोन यांनी हवाईमधील कोनस स्ट्रायाटस या जातीची निरीक्षणे १९५६ मध्ये प्रसिद्ध केली व हा संशय फिटला. ती जाती माशाला प्रथम दंश करते. मासा क्षणार्धात ताठरतो व मग ती त्याला मुखात ओढून घेते.

भूगोल शंकुगोगलगायीची रीत वेगळी आहे. मासे खडकाच्या कपारीत विसावले असता ती त्यांच्याजवळ सरकते व आपल्या मुखाभोवतीचा पडद्यासारखा भाग जाळ्याप्रमाणे रुंद पसरते. या नरसाळ्यासारख्या पोकळीत एक किंवा एकाहून अधिक लहान मासे घेरले जातात. नवलाची गोष्ट अशी, की हे मासे फारशी धडपड करीत नाहीत; गुंगी आल्याप्रमाणे ते मंदावतात. पोकळी मिटल्यानंतर आतील प्रत्येक माशाला दंश केला जातो व पचनास सुरुवात होते. हाडे, खवले व वापरलेले दात काही तासांनी बाहेर टाकले जातात.

माशांना येणाऱ्या या गुंगीच्या कारणाचा एक महत्त्वाचा भाग २०१५ मध्ये उलगडला. हेलेना सफावी-हेमामी व त्यांचे सहकारी यांना या गोगलगायीच्या विषात इन्शुलीन सापडले. प्रत्येक मृदुकाय प्राण्यात त्याचे स्वतःचे इन्शुलीन असतेच. पण विषातील हे इन्शुलीन गोगलगायीच्या इन्शुलिनासारखे नसून माशाच्या इन्शुलिनासारखे आहे. झीब्रा माशांवरील प्रयोगांत ते टोचल्यावर त्यांच्या रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण घटले व पाण्यात मिसळल्यावर त्यांची हालचाल मंदावली. पाण्यात सोडलेले हे इन्शुलीन कल्ल्यांवाटे माशाच्या रक्तात जात असावे, असे मानले जाते. रक्तातील साखर उतरल्यावर शरीर ग्लुकागॉन या हॉर्मोनाच्या साहाय्याने ती पुन्हा वाढविते. ही दुरुस्ती रोखणारा, सोमॅटोस्टॅटीन या हॉर्मोनाची नक्कल करणारा दुसरा पदार्थही याच विषात असल्याचे २०२४ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे एक घटक साखर उतरवितो व दुसरा ती पुन्हा वर येऊ देत नाही.

विषाचे घटक : या जातीच्या विषात शंभराहून अधिक निरनिराळी पेप्टाइडे (ॲमिनो अम्लांच्या आखूड साखळ्या) असतात. त्यांपैकी बहुतेक १० ते ४० ॲमिनो अम्लांची असून गंधकाच्या अणूंमधील बंधांमुळे त्यांचा आकार घट्ट व ठराविक राहतो. कुलुपात किल्ली बसावी त्याप्रमाणे प्रत्येक पेप्टाइड तंत्रिका किंवा स्नायू यांच्या कोशिकापटलावरील एखाद्या विशिष्ट प्रथिनाशी जुळते व त्याचे कार्य थांबविते किंवा बदलते. या पेप्टाइडांच्या अभ्यासाची सुरुवात फिलिपीन्समध्ये बाल्डोमेरो ओलिव्हेरा व लुर्ड्‌स क्रूझ यांनी केली. पुढे अमेरिकेतील यूटा विद्यापीठात ओलिव्हेरा यांच्या प्रयोगशाळेत ते कार्य विस्तारले.

त्यांतील प्रमुख पेप्टाइडांचे कार्य समजण्यासाठी स्नायूच्या आकुंचनाची रीत लक्षात घ्यावी लागते. तंत्रिकेतून आलेला आवेग तिच्या टोकाशी पोहोचला, की तेथील मार्गांतून कॅल्शियम आत शिरते. त्यामुळे ॲसिटिलकोलीन हा पदार्थ बाहेर पडतो. तो स्नायूवरील ग्राहीस (पदार्थ ओळखून प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनास) चिकटतो. त्यानंतर स्नायूच्या पटलातील सोडियमाचे मार्ग उघडून विद्युत् आवेग स्नायूभर पसरतो व स्नायू आकुंचन पावतो. या साखळीचे तीन दुवे भूगोल शंकुगोगलगायीचे विष स्वतंत्रपणे तोडते. १३ ॲमिनो अम्लांचे एक पेप्टाइड ॲसिटिलकोलिनाचे ग्राही अडवून धरते. ओलिव्हेरा, क्रूझ व त्यांचे सहकारी यांनी त्याचे वर्णन १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. २२ ॲमिनो अम्लांचे दुसरे पेप्टाइड स्नायूंतील सोडियमाचे मार्ग बंद करते. २७ ॲमिनो अम्लांचे तिसरे पेप्टाइड तंत्रिकेच्या टोकाशी कॅल्शियमाचा प्रवेश रोखते. ते १९८४ मध्ये वर्णिले गेले.

हे तिसरे पेप्टाइड विशेष बोधप्रद ठरले. मासे व बेडूक यांना त्याने पक्षाघात होतो. सस्तन प्राण्यांचे स्नायू मात्र त्याने थांबत नाहीत. उंदराच्या मेंदूत ते टोचल्यास त्याला सतत थरथर सुटते. यावरून तंत्रिकांमध्ये कॅल्शियमाचे मार्ग एकाच प्रकारचे नसून अनेक प्रकारचे आहेत व सस्तन प्राण्यांत त्यांची कामे वेगवेगळी वाटली गेली आहेत, हे ओळखण्यास मोठी मदत झाली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत हे पेप्टाइड त्या मार्गांचा एक प्रकार ओळखण्यासाठी वापरले जाते. आणखी एक पेप्टाइड १७ ॲमिनो अम्लांचे आहे. दोन आठवड्यांहून कमी वयाच्या उंदरांच्या मेंदूत ते टोचले असता ती पिले झोपी जातात, तर मोठे उंदीर उलट अतिशय चंचल होतात.

शिकारीचे विष व संरक्षणाचे विष : भूगोल शंकुगोगलगाय लहान मासे खाते, मग तिचे विष माणसासारख्या मोठ्या प्राण्याला इतके घातक का व्हावे, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. सेबास्तियाँ दुतेर्त्र व त्यांचे सहकारी यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यावर प्रकाश टाकला. त्यांनी याच जातीच्या गोगलगायींपुढे मासा ठेवून एकदा व त्यांना धोक्याची जाणीव करून देऊन दुसऱ्यांदा, असे दोन प्रकारे विष मिळविले. दोहोंची घडण वेगळी निघाली. शिकारीच्या वेळी सोडलेल्या विषात माणसाच्या स्नायूंवर तीव्र परिणाम करणारे घटक थोडे होते. धोक्याच्या वेळी सोडलेल्या विषात मात्र वर वर्णन केलेले पक्षाघातकारक घटक मोठ्या प्रमाणात होते. ही दोन विषे नलिकेच्या वेगवेगळ्या भागांत तयार होतात : संरक्षणाचे कंदाजवळच्या भागात व शिकारीचे मुखाजवळच्या भागात. शंकुगोगलगायींचे पूर्वज कृमी खात असताना शत्रूंपासून बचावासाठी जे विष विकसित झाले, त्याचाच पुढे मासे पकडण्याकडे उपयोग झाला असावा, असा तर्क या संशोधकांनी मांडला. तेव्हा माणसाला होणारा दंश हा हल्ला नसून बचाव असतो. गोगलगाय उचलली, दाबली वा खरवडली गेली म्हणजेच तो होतो.

माणसाला होणारा दंश : शंकुगोगलगायीच्या दंशाने झालेल्या मृत्यूचा जुना लेखी उल्लेख गेऑर्ग रुम्फिअस यांच्या १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतो. बांदा बेटांवर (हल्लीच्या इंडोनेशियात) जाळे ओढीत असताना एका गुलाम स्त्रीने अशी एक गोगलगाय हाती घेतली. तिच्या हाताला किंचित खाज सुटली, ती हळूहळू दंडातून अंगभर पसरली व त्या स्त्रीला मृत्यू आला.

भूगोल शंकुगोगलगायीच्या दंशाची सर्वाधिक तपशीलवार नोंद ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडजवळच्या हेमन बेटावर १९३५ मध्ये घडलेल्या प्रसंगाची आहे. ह्यूगो फ्लेकर या वैद्यांनी ती १९३६ मध्ये प्रसिद्ध केली. सत्तावीस वर्षे वयाचा एक निरोगी तरुण तळहातावर गोगलगाय धरून तिच्या शंखावरील आवरण चाकूने खरवडीत असता त्याला दंश झाला. वेदना जवळजवळ झाल्याच नाहीत. दहा मिनिटांत ओठ बधिर झाले, वीस मिनिटांत दृष्टी अंधुक होऊन एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, तीस मिनिटांत पाय लुळे पडले व तासाभरात त्याची शुद्ध हरपली. दंशानंतर सुमारे पाच तासांनी त्याचा मृत्यू झाला. ॲलन कोन यांनी २०१६ मध्ये घेतलेल्या आढाव्यात वैद्यकीय वाङ्‌मयात नोंदलेल्या सुमारे १४० दंशांपैकी ३६ प्राणघातक ठरल्याचे दिसते. त्यांतील बहुतेक मृत्यू याच जातीमुळे झाले. इंग्रजीत या प्राण्याला ‘सिगारेट गोगलगाय’ असेही म्हणतात. दंश झालेल्या माणसाला एक सिगारेट ओढण्यापुरताच वेळ उरतो, असा त्याचा विनोदी अर्थ आहे. वस्तुतः विषाचा परिणाम वाढत जाण्यास पुष्कळदा तासांचा अवधी लागतो व तेवढ्यात उपचार मिळाल्यास रोगी वाचू शकतो. म्हणून हा विनोद दिशाभूल करणारा आहे.

उपचार : या विषावर प्रतिविष उपलब्ध नाही. ज्या विषाचे घटक शंभराहून अधिक व परस्परांहून भिन्न आहेत, त्यावर प्रतिविष तयार करणे कठीण आहे. मृत्यू बहुधा मध्यपटल व इतर श्वसनस्नायू लुळे पडल्याने येतो. हृदय व मेंदू यांना विषामुळे कायमची इजा होतेच असे नाही. यामुळे उपचाराचे मुख्य तत्त्व सोपे आहे : विषाचा परिणाम ओसरेपर्यंत रोग्याचा श्वासोच्छ्‌वास चालू ठेवणे. दंश झालेल्या हातापायावर घट्ट पट्टी बांधून तो हलू देऊ नये, रोग्याला चालू देऊ नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे व वाटेत श्वास थांबल्यास कृत्रिम श्वसन द्यावे. वेदना नाही म्हणून दंश किरकोळ समजणे ही घातक चूक ठरते.

प्रतिबंध त्याहून सोपा आहे. जिवंत शंकुगोगलगाय हातात घेऊ नये, खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवू नये. शंखाचे रुंद टोक धरल्यास धोका नाही, ही समजूत चुकीची आहे, कारण शुंडा शंखाच्या बऱ्याच मोठ्या भागापर्यंत वळून पोहोचू शकते. दात पातळ कापडातूनही आरपार जातो. रामेश्वर, कन्याकुमारी यांसारख्या ठिकाणी विकले जाणारे रिकामे शंख मात्र पूर्णपणे निरुपद्रवी असतात.

औषधी महत्त्व : शंकुगोगलगायीच्या विषापासून निर्माण झालेले पहिले औषध कोनस मॅगस या जवळच्या जातीने दिले. तिच्या विषातील २५ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड भूगोल शंकुगोगलगायीच्या कॅल्शियम-मार्ग रोखणाऱ्या पेप्टाइडाप्रमाणेच कार्य करते. फरक हा, की त्याचा परिणाम अधिक सहज परतविता येतो. मेरुरज्जूत वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या तंत्रिकांच्या टोकांशी याच प्रकारचे कॅल्शियम-मार्ग असतात. ते बंद केल्यास वेदनेचा संदेश मेंदूकडे जात नाही. प्रयोगशाळेत संश्लेषित केलेल्या या पेप्टाइडास झिकोनोटाइड हे नाव असून अमेरिकेत त्याला डिसेंबर २००४ मध्ये मान्यता मिळाली. ते अफूवर्गीय नसल्याने त्याची सवय लागत नाही. तथापि ते थेट मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात पंपाने सोडावे लागते. भ्रम, संभ्रम असे मानसिक दुष्परिणामही त्यामुळे होऊ शकतात. म्हणून इतर उपायांनी न शमणाऱ्या तीव्र व दीर्घकालीन वेदनांपुरताच त्याचा वापर मर्यादित आहे.

भूगोल शंकुगोगलगायीचे इन्शुलीन मधुमेहाच्या दृष्टीने अभ्यासले जात आहे. मानवी इन्शुलिनात ५१ ॲमिनो अम्ले असतात. हे इन्शुलीन केवळ ४३ ॲमिनो अम्लांचे आहे. मानवी इन्शुलिनाचे रेणू साठवणीत एकमेकांना चिकटून राहतात व टोचल्यानंतर सुटे होण्यास वेळ घेतात. त्यांना चिकटविणारा साखळीचा शेवटचा भाग गोगलगायीच्या इन्शुलिनात नाही, तरीही ते माणसाच्या इन्शुलीन-ग्राहीशी जुळते, असे २०१६ मध्ये दिसून आले. टोचताच परिणाम सुरू करणारे इन्शुलीन कसे घडवावे, याचा नमुना त्यातून मिळाला आहे. भारतातही या क्षेत्रात कार्य झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन व बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बालाराम यांनी सहकाऱ्यांसह भारताच्या किनाऱ्यावरील जातींच्या विषातील पेप्टाइडांचा अभ्यास केला. आग्नेय किनाऱ्यावरील कोनस अमॅडिस या जातीतून मिळालेले, सोडियम-मार्गांवर परिणाम करणारे पेप्टाइड हे त्याचे एक फलित होय.

संरक्षण : आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने शंकुगोगलगायींच्या ६३२ जातींचे मूल्यमापन केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी ६७ जाती संकटग्रस्त किंवा संकटाच्या उंबरठ्यावर आहेत. विस्तृत प्रदेशात पसरलेली असल्यामुळे भूगोल शंकुगोगलगाय त्यांत मोडत नाही. परंतु एखाद्याच बेटाच्या किनाऱ्यापुरत्या मर्यादित असलेल्या जाती शंखांच्या व्यापाराने व किनाऱ्यांच्या ऱ्हासाने धोक्यात आल्या आहेत. भारतात ‘भारताचे वैभव’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोनस मिल्नेएडवर्ड्‌साय या जातीस २००१ मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले. प्रत्येक जातीच्या विषातील पेप्टाइडांचा संच स्वतंत्र असतो व त्यांपैकी अगदी थोड्यांचाच तपास आजवर झाला आहे. प्रवाळ खडक नष्ट झाल्यास या जातींबरोबर त्यांच्या विषातील न तपासलेली पेप्टाइडेही कायमची नाहीशी होतील.